खाणकामगाराचा मुलगा आणि फुटबॉलची बातमी
(शाखेच्या अभ्यासवर्गात दिलेले भाषण)



अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमात पेन्शन, खाजगीकरण, सेफ्टी कॅटेगरीतल्या रिकाम्या जागा असे सगळे जड विषय लागले आहेत. त्यांच्यामध्ये आमच्या नावापुढे "फुटबॉलवर लिहिणारा एक वार्ताहर" असे छापलेले पाहून चहाच्या वेळी काही तरुण सहकाऱ्यांनी विचारले, की साहेब, हा विषय इथे कसा? तो वार्ताहर तरी आपल्या देशातला आहे का? नाही, आपल्या देशातला नाही. स्कॉटलंडचा आहे. नाव ह्यू मॅकइल्व्हनी. १९३४ साली जन्म, २०१९ साली मृत्यू, आणि या दोहोंच्या मध्ये साठ वर्षांच्या आसपास वर्तमानपत्रांची नोकरी. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले रेल्वेचे कामगार, इंग्रजी साहित्यावर व्याख्यान देण्याची आमची योग्यता नाही. पण बातमी लिहिणे हे काम आहे आणि फुटबॉल खेळणे हेही काम आहे. कामाबद्दल बोलायला आम्हांला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि रेल्वेचा संबंध म्हणाल तर तोही आहे. मँचेस्टर युनायटेड हे नाव आज आपल्या कॉलनीतली पोरेही टी-शर्टवर मिरवतात. तो क्लब १८७८ साली कोणी काढला? लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील कॅरेज अँड वॅगन खात्यातल्या कामगारांनी. म्हणजे आपले सी अँड डब्ल्यूवाले! दिवसभर डबे दुरुस्त करायचे आणि सुटी झाली की दुसऱ्या खात्यांच्या, दुसऱ्या रेल्वे कंपन्यांच्या कामगारांविरुद्ध खेळायचे. पुढे क्लब कर्जात बुडाला, १९०२ साली नवे मालक आले, नाव बदलले. क्रू नावाच्या रेल्वेगावच्या क्लबाला तर आजही "रेल्वेमेन" म्हणतात. तेव्हा हा खेळ परका आहे असे रेल्वे कामगाराने तरी म्हणू नये.

आता माणसाकडे येऊ. किल्मार्नॉक हे स्कॉटलंडच्या एअरशायर भागातले गाव. तिथे एका खाणकामगाराच्या घरी ह्यू यांचा जन्म झाला. धाकटा भाऊ विल्यम हा पुढे मोठा कादंबरीकार झाला. त्याची "डॉकर्टी" ही १९७५ ची कादंबरी खाणकामगाराच्या कुटुंबावरचीच आहे. एकाच घरातून दोन लेखक निघाले, आणि दोघांनीही आपली माणसे सोडली नाहीत, एकाने कादंबरीत आणि दुसऱ्याने वर्तमानपत्रात. ह्यू यांनी सुरुवात "किल्मार्नॉक स्टँडर्ड" या गावच्या पत्रात केली. मग "स्कॉटिश डेली एक्सप्रेस", मग "स्कॉट्समन". गंमत अशी की त्यांना क्रीडावार्ताहर व्हायचेच नव्हते. एकदा खेळाच्या पानावर गेलो की जन्मभर तिथेच अडकू, अशी त्यांना भीती. आपल्याकडेही वर्तमानपत्रात खेळाचे पान म्हणजे शेवटचे पान, आणि तिथला माणूस शेवटच्या बाकावरचा, असाच समज होता. "स्कॉट्समन"चे संपादक अ‍ॅलिस्टर डनेट यांनी त्यांना लीबलिंग या अमेरिकन लेखकाचे मुष्टियुद्धावरचे पुस्तक वाचायला दिले. खेळावरही असे लिहिता येते, हे त्यांनी पाहिले आणि ते तयार झाले. १९६२ साली ते लंडनच्या "ऑब्झर्व्हर" या रविवारच्या पत्रात गेले. मध्यंतरीचा "डेली एक्सप्रेस"मधला थोडा काळ सोडला तर १९९३ पर्यंत तिथेच होते. त्यानंतर २०१६ पर्यंत "संडे टाइम्स". निवृत्त झाले तेव्हा वय ८२.

रविवारचे पत्र म्हणजे काय, हे जरा समजून घ्या, कारण खरे काम तिथे आहे. त्या काळी इंग्लंडमधले बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीनला सुरू होत आणि पावणेपाचच्या सुमारास संपत. रविवारचा अंक रात्रीच छापून गाड्यांवर चढायचा. हो, रेल्वेच्याच गाड्यांवर. वर्तमानपत्रांच्या खास गाड्या रात्रभर धावत. म्हणजे सामना संपतो तोवर निम्मा मजकूर हातातून गेलेला असला पाहिजे, आणि उरलेला लोक मैदानाबाहेर पडेपर्यंत. संगणक नाही, मोबाइल नाही. प्रेस बॉक्समधल्या टेलिफोनवरून वाक्यामागून वाक्य सांगायचे आणि लंडनच्या कचेरीत कानाला फोन लावून बसलेला माणूस ते टंकावर उतरवून घ्यायचा. त्याला तिकडे कॉपीटेकर म्हणत. स्वल्पविराम, पूर्णविराम, नावांची स्पेलिंग, सगळे तोंडी. बाजूला साठ हजार माणसांचा आरडाओरडा.

आपल्यापैकी जे ऑपरेटिंगमध्ये आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. स्टेशन मास्तर आणि गेटमन फोनवर प्रायव्हेट नंबरची देवघेव करतात, तेव्हा आकडा एकदा सांगतात, समोरचा परत म्हणून दाखवतो, दोघेही वहीत लिहितात. एक आकडा चुकला तर फाटक उघडे आणि गाडी दारात. बातमीत स्वल्पविराम चुकला तर माणूस मरत नाही, हे खरे. पण मॅकइल्व्हनी यांची ख्याती अशी होती की मजकूर सांगून झाल्यावरही ते पुन्हा पुन्हा फोन करत आणि एखादा शब्द किंवा एखादा स्वल्पविराम बदलायला लावत. कचेरीतले लोक कावत. छपाईखात्यातले तर घड्याळाकडे बघत बसत. आम्ही स्वतः छपाईखात्याच्या बाजूने आहोत, कारण उशिराचा दोष शेवटी यंत्रावरच्या माणसावर येतो. तरीही हा माणूस इतका का अडून बसे, हे लक्षात घेतले पाहिजे. ज्या खेळाडूबद्दल आपण लिहितो त्याने नव्वद मिनिटे अंग मोडून काम केले आहे, त्याची नोंद ढिसाळ होता कामा नये, ही जिद्द त्या अडून बसण्यामागे दिसते. ब्रिटनमधला सर्वोत्तम क्रीडा पत्रकाराचा मान त्यांना सात वेळा मिळाला. वर्षाचा सर्वोत्तम पत्रकार, म्हणजे राजकारण, युद्ध, अर्थकारण सगळ्या खात्यांचे धरून, हा मान तिथे मिळवणारा क्रीडालेखक तेवढा एकच. शेवटच्या बाकावरचा माणूस पहिल्या बाकावर आला.

पण पारितोषिकांत आम्हांला फार रस नाही. आम्हांला रस आहे तो त्यांनी कोणावर लिहिले यात.

ब्रिटिश फुटबॉलमधले तीन मोठे प्रशिक्षक घ्या. तिकडे त्यांना मॅनेजर म्हणतात. मॅट बझ्बी, जॉक स्टीन, बिल शँक्ली. बझ्बी १९०९ साली बेल्सहिलजवळच्या ऑर्बिस्टनला जन्मले. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले, मुलगा खाणीत गेला. स्टीन यांचा जन्म १९२२ चा, हॅमिल्टनजवळच्या बर्नबँकचा. ते तर सत्ताविशी गाठेपर्यंत कोळसा काढत होते आणि जोडीला फुटबॉल खेळत होते. शँक्ली १९१३ साली एअरशायरमधल्या ग्लेनबक या खाणीच्या गावी जन्मले, शाळा सुटल्यावर खाणीत गेले. पाच भाऊ, पाचही जण धंदेवाईक खेळाडू! त्या चिमुकल्या गावाने पन्नासच्या आसपास धंदेवाईक खेळाडू दिले असे सांगतात. आज ते गाव जवळजवळ नाहीसे झाले आहे. खाण बंद पडली, माणसे गेली.

या तिघांपैकी बझ्बींनी मँचेस्टर युनायटेड उभे केले, स्टीन यांनी ग्लासगोचे सेल्टिक आणि शँक्लींनी लिव्हरपूल. शँक्ली १९५९ साली आले तेव्हा लिव्हरपूल दुसऱ्या श्रेणीत धडपडत होते. १९६४ साली ते इंग्लंडचे विजेते झाले. तिघांचा प्रदेश एकच, धंदा एकच, वये तेवढी मागेपुढे. हा योगायोग आहे का? मॅकइल्व्हनी यांना तो योगायोग वाटला नाही. १९९७ साली त्यांनी बीबीसीसाठी या तिघांवर तीन भागांचा माहितीपट केला, तो याच धाग्यावर. खाणीत छत कोसळले तर शेजारचा माणूस आपल्याला ओढून काढील, या भरवशावर माणूस खाली उतरतो. तिथे एकटा हिरो चालत नाही. गँगमनचेही तसेच आहे. ट्रॅकवर काम चालू असताना लुकआऊटमनने शिट्टी दिली नाही तर सगळी गँग संपली. अशा कामातून आलेला माणूस अकरा जणांचा संघ बांधतो तेव्हा त्याला "टीमवर्क"वरचे व्याख्यान ऐकावे लागत नाही. आजकाल आपले अधिकारी मॅनेजमेंटच्या कोर्सला जाऊन तेच शब्द घेऊन येतात, तो भाग वेगळा.

२५ मे १९६७ या दिवशी पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे युरोपियन कपाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला इटलीचा इंटर मिलान, पैशाने बळकट, बचावात पोलादी. दुसऱ्या बाजूला स्टीन यांचे सेल्टिक. सेल्टिकचे अकराच्या अकरा खेळाडू आपल्या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेले. समजा, भुसावळ लोको शेड आणि आसपासच्या गावांतली अकरा पोरे घेऊन कोणी आशिया जिंकावा, तसे! सातव्या मिनिटाला इटलीने पेनल्टीवर गोल केला आणि कुलूप लावून घेतले. सेल्टिक थांबले नाही. त्रेसष्टाव्या मिनिटाला जेमेल आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला चामर्स यांनी गोल केले. २-१. ब्रिटनमधल्या क्लबाने हा कप जिंकण्याची ती पहिलीच वेळ. स्टीनसारख्या माणसांवर लिहिताना मॅकइल्व्हनी यांनी शब्द सैल सोडले नाहीत. प्रेम होते, ओळख होती, पण भाटगिरी नव्हती. हे अवघड असते. आपल्या वार्तापत्रात निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यावर दोन ओळी लिहायच्या तर आपण "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ" लिहितो आणि थांबतो. त्या माणसाने तीस वर्षे नेमके काय केले, ते वाचणाऱ्याला कळतच नाही.

आता खेळाडूंच्या मजुरीकडे येतो. हा भाग आपल्या कामाचा आहे, म्हणून जरा सावकाश ऐका.

ब्रिटनमध्ये रेल्वे कामगारांच्या संघटनेवर टॅफ व्हेल रेल्वे कंपनीने केलेला दावा आपण मागच्या वर्गात पाहिला. १९०१ चा निकाल संघटनेविरुद्ध गेला, आणि १९०६ च्या कायद्याने तो धुऊन निघाला. त्याच्या दुसऱ्याच वर्षी, डिसेंबर १९०७ मध्ये, मँचेस्टरला धंदेवाईक फुटबॉल खेळाडूंनी आपली युनियन काढली. पुढाकार बिली मेरेडिथ यांचा. ते वेल्सचे, आणि तेही मूळचे खाणकामगार. मागण्या साध्या होत्या: जखमी खेळाडूला नुकसानभरपाई, आणि मजुरीवरची कमाल मर्यादा रद्द. १९०९ साली ही युनियन कामगार संघटनांच्या महासंघात सामील व्हायला निघाली, तेव्हा फुटबॉलच्या वरिष्ठ मंडळाने हुकूम काढला, की युनियन सोडा नाहीतर खेळणे सोडा. बहुतेक खेळाडू वाकले. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी वाकायला नकार दिला. त्यांनी स्वतःला "बहिष्कृत संघ" असे नाव घेतले आणि त्या नावानिशी फोटोही काढून घेतला. शेवटी तडजोड झाली. युनियन टिकली, पण महासंघातून बाहेर यावे लागले. पाहा, सी अँड डब्ल्यूच्या पोरांनी काढलेला क्लब!

मजुरीची कमाल मर्यादा मात्र १९६१ पर्यंत टिकली. शेवटी शेवटी ती आठवड्याला २० पौंड होती. स्टेडियमला साठ हजार माणूस तिकीट काढून येतो, आणि ज्याला बघायला येतो त्याला वीस पौंडांच्या वर एक पेनी द्यायची नाही. देणाऱ्या क्लबालाच शिक्षा! तुम्ही किमान वेतनाची लढाई ऐकली आहे. ही कमाल वेतनाची सक्ती. जिमी हिल हे युनियनचे अध्यक्ष आणि क्लिफ लॉइड हे सचिव. त्यांनी सभा घेतल्या, संपाची तयारी केली, आणि जानेवारी १९६१ मध्ये संपाच्या तोंडावर मालकांनी मर्यादा उठवली. त्यापेक्षाही वाईट होती नोंदणीची पद्धत. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाकडेच. क्लब पगार देईना आणि दुसरीकडे जाऊही देईना. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूला न्यूकॅसलने असे अडकवले, तेव्हा त्याने खेळणे सोडून बुचे विकण्याची नोकरी धरली आणि कोर्टात गेला. युनियन त्याच्या मागे उभी राहिली. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी ही पद्धत धंद्याच्या स्वातंत्र्यावर गैरवाजवी बंधन घालणारी आहे असा निकाल दिला.

मॅकइल्व्हनी १९६२ साली लंडनला आले, ते नेमके या वळणावर. ज्यांचे वडील आणि स्वतः खेळाडू एकाच गल्लीत राहत होते, एकाच बसने मैदानावर जात होते, तो खेळ त्यांनी पहिल्यांदा पाहिला. आणि निवृत्त झाले तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगने तीन वर्षांच्या दूरचित्रवाणी हक्कांसाठी पाच अब्ज पौंडांहून अधिकचा करार केलेला होता. वीस पौंडांपासून पाच अब्जांपर्यंत, एका माणसाच्या नोकरीच्या काळात. आज वरच्या खेळाडूंना जे मिळते ते आमच्या हिशेबाच्या बाहेरचे आहे, आणि त्याच क्लबात तिकीट फाडणाऱ्याला काय मिळते हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून तो आम्ही विचारतो. पण म्हणून १९६१ ची लढाई चुकीची ठरत नाही.

वार्ताहर हाही कामगारच, आणि तोही कामावर मरतो. ६ फेब्रुवारी १९५८. मँचेस्टर युनायटेडचा संघ बेलग्रेडचा सामना खेळून परत येत होता. विमान इंधनासाठी म्युनिचला उतरले. धावपट्टीवर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा. दोनदा उड्डाण फसले, तिसऱ्यांदा विमान आपटले. ४४ जणांपैकी २३ दगावले. आठ खेळाडू गेले, हे सगळ्या जगाला माहीत आहे. आठ पत्रकारही गेले, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांपैकी जॉर्ज फॉलोज हे "डेली हेरल्ड"चे वार्ताहर. ज्या पत्रात ब्रिटनच्या ट्रेड युनियन काँग्रेसची दीर्घकाळ भागीदारी होती, ते पत्र. म्हणजे आपल्यासारख्यांच्याच वर्गणीतून उभ्या राहिलेल्या पत्राचा माणूस. डोनी डेव्हिस "मँचेस्टर गार्डियन"चे. फ्रँक स्विफ्ट हे एके काळचे नामांकित गोलकीपर, नंतर वार्ताहर झालेले. बहुतेक पत्रकार मागच्या बाजूला बसले होते. "न्यूज क्रॉनिकल"चे फ्रँक टेलर पुढे बसले होते. क्रीडालेखकांपैकी ते एकटे वाचले, तेही जबर जखमी होऊन. पुढे ते क्रीडापत्रकारांच्या जागतिक संघटनेचे अध्यक्ष झाले. बझ्बी मरणाच्या दारातून परत आले. दहा वर्षांनी, १९६८ साली, त्यांच्या संघाने युरोपियन कप जिंकला.

पण आम्हांला या अपघातातली तिसरी गोष्ट सांगायची आहे. पायलट होते कॅप्टन जेम्स थेन. ते वाचले, आणि जर्मन चौकशीने ठपका त्यांच्यावर ठेवला, की पंखांवरचा बर्फ तुम्ही साफ करून घेतला नाही. विमानतळावर ठपका नाही, धावपट्टीवर नाही. पायलटवर! कंपनीने नोकरीवरून काढले. थेन अकरा वर्षे भांडत राहिले. १९६९ साली ब्रिटिश चौकशीने मान्य केले की कारण धावपट्टीवरचा राडा होता, पायलटची चूक नव्हती. तोवर आयुष्य गेले होते. १९७५ साली ते वारले. मित्रहो, या सभागृहात जे लोको पायलट, गार्ड, पॉइंट्समन बसले आहेत, त्यांना याचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. अपघात झाला की पहिली चार्जशीट कोणाला मिळते, आणि सिग्नल गिअरच्या देखभालीला माणसे का नव्हती याची फाइल कुठे जाते, ते आपण दर वर्षी पाहतो. अशा वेळी वर्तमानपत्रातला माणूस काय लिहितो यावर एका कामगाराची अब्रू अवलंबून असते.

दुसऱ्या बाजूचे उदाहरणही सांगतो. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे प्रेक्षक चेंगरले. ९६ जण लगेच आणि काही वर्षांत गेले, ज्याच्यामुळे संख्या ९७ झाली तो शेवटचा माणूस २०२१ साली वारला. चार दिवसांनी "सन" या पत्राने पहिल्या पानावर ठोकून दिले की दोष प्रेक्षकांचाच, ते दारू प्यायलेले होते, त्यांनी मृतांचे खिसे कापले. सगळे खोटे. बहुतेक मेलेले साध्या कामकरी घरांतले होते. त्यांच्या नातेवाइकांनी सत्तावीस वर्षे लढा दिला, तेव्हा २०१६ साली पंचांनी निर्णय दिला की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि प्रेक्षकांचा दोष नव्हता. लिव्हरपूलमध्ये आजही पुष्कळ लोक तो पेपर विकत घेत नाहीत. विक्रेते ठेवत नाहीत. इतका लांब बहिष्कार कामगारांच्या शहरातच चालू शकतो.

आणि इथे मॅकइल्व्हनी यांच्याबद्दलची एक गोष्ट आम्हांला लपवायची नाही. "सन" ज्यांचे, त्याच रूपर्ट मरडॉक यांचे "संडे टाइम्स". जानेवारी १९८६ मध्ये मरडॉक यांनी आपली चारही पत्रे रातोरात लंडनमधल्या वॉपिंग येथील नव्या कारखान्यात हलवली, संपावर गेलेल्या साडेपाच हजारांच्या आसपास छपाई कामगारांना काढून टाकले, आणि वीजकामगारांच्या संघटनेमार्फत दुसरी भरती करून घेतली. एका युनियनच्या पाठीत दुसऱ्या युनियनने सुरी घातली. वर्षभर तारेच्या कुंपणाबाहेर पिकेटिंग चालले, घोडेस्वार पोलिसांची लाठी चालली, फेब्रुवारी १९८७ मध्ये लढा संपला. हरला. मॅकइल्व्हनी तेव्हा "ऑब्झर्व्हर"मध्ये होते. पण १९९३ साली ते त्या "संडे टाइम्स"मध्ये गेले आणि तेवीस वर्षे राहिले. खाणकामगाराच्या मुलाने तिथे जायला नको होते, असे आमचे मत आहे. कोणी म्हणेल, लढा संपून सहा वर्षे झाली होती, माणसाला पोट आहे, लिहायला पान लागते. हे आम्हांला समजते. आमच्याही शाखेतले दोघे-तिघे चांगले लढवय्ये नंतर ठेकेदाराकडे सुपरवायझर झाले. त्यांच्याशी आम्ही बोलणे टाकलेले नाही. पण जे झाले ते झाले नाही असेही म्हणणार नाही. तिथे गेल्यावर त्यांनी लेखणी मालकाला विकली का? त्यांच्या मजकुरात तरी तसे दिसत नाही. शब्द तेच, माणसे तीच.

मुष्टियुद्धावर आणि घोड्यांच्या शर्यतींवरही ते लिहीत. मुष्टियुद्धाबद्दल त्यांचे मन कायम दुभंगलेले होते. १९८० साली जॉनी ओवेन हा मर्थर टिडफिल या खाणींच्या गावचा वेल्श पोरगा लॉस एंजेलिसच्या रिंगमध्ये कोसळला आणि दीड महिन्याने गेला. त्यावरचा त्यांचा लेख अजून वाचला जातो. पण आपला विषय फुटबॉल.

सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन हे २०१३ पर्यंत मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर होते. त्यांचे "मॅनेजिंग माय लाइफ" हे आत्मचरित्र १९९९ साली आले, ते मॅकइल्व्हनी यांच्या मदतीने लिहिलेले. फर्ग्युसन ग्लासगोच्या गोव्हन भागातले. वडील जहाजबांधणीच्या गोदीत. स्वतः शिकाऊ टूलमेकर, शॉप स्टुअर्ड, शिकाऊ कामगारांच्या संपाचे पुढारी. १० सप्टेंबर १९८५ ला कार्डिफच्या मैदानावर वेल्सविरुद्ध स्कॉटलंडचा सामना बरोबरीत सुटला, स्पर्धेतली वाट मोकळी झाली, आणि बाजूलाच जॉक स्टीन कोसळून गेले. तेव्हा स्टीन यांचे सहायक हेच फर्ग्युसन होते. डिसेंबर २०१५ मध्ये ब्रिटनमधली शेवटची खोल कोळसा खाण, केलिंगली, बंद झाली. पुढच्या मार्चमध्ये मॅकइल्व्हनी निवृत्त झाले. जानेवारी २०१९ मध्ये वारले.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा. १९५८ साली कलकत्ता फुटबॉल लीग कोणी जिंकली? ईस्टर्न रेल्वेने! मोहन बागान, ईस्ट बेंगॉल, मोहमेडन स्पोर्टिंग या तीन बड्यांना मागे टाकून. त्यानंतर या तिघांबाहेरच्या संघाला ती लीग जिंकायला २०१९ साल उजाडावे लागले. त्या संघात पी. के. बॅनर्जी होते, रेल्वेचे नोकर. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते, फ्रान्सविरुद्ध बरोबरी झाली तेव्हा आपला गोल त्यांचा. १९६२ च्या जकार्ता आशियाई सुवर्णपदकातही ते होते. रेल्वेच्या संघाने साठच्या दशकात संतोष ट्रॉफी तीनदा जिंकली. बेंगॉल नागपूर रेल्वेचा संघ तर दंतकथा. खरगपूर, बिलासपूर, नागपूर इथल्या आपल्या जुन्या मराठी कुटुंबांत अजून त्यांची नावे घेतात. पण त्या पोरांची ड्युटी काय होती, स्पेशल लीव्ह मिळायची की कापली जायची, गुडघा गेल्यावर कुठल्या टेबलावर बसवले, हे कोणी तीस वर्षे बसून लिहिले? मुंबईच्या गिरणगावातल्या कबड्डीचे तेच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, संघ गेले, आणि कागदावर फारच थोडे उरले. मराठी पत्रांची पाने क्रिकेटने भरलेली. खेळाच्या पानावरचा वार्ताहर आज बहुतेक ठिकाणी कंत्राटी. १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा होता, तोही २०२० च्या संहितेत गुंडाळला गेला. तेव्हा बाहेरच्या कोणाची वाट पाहण्यात अर्थ नाही.

म्हणून कार्यकारिणीत असे ठरले आहे की आपल्या शाखेच्या वार्तापत्रात पुढल्या अंकापासून एक पान खेळाचे राहील. इन्स्टिट्यूटच्या मैदानावरचे सामने, विभागीय स्पर्धा, आणि मुख्य म्हणजे निवृत्त खेळाडूंच्या मुलाखती. लोको शेड, ट्रॅक्शन आणि सी अँड डब्ल्यू या तिन्ही ठिकाणी एकेक सहकारी नेमला आहे. नावे आणि तारखा दोनदा तपासून द्यायच्या. कोणाची ड्युटी काय, कुठल्या डेपोत, किती साली भरती, हे लिहायचेच. मजकूर पंचवीस तारखेपर्यंत कचेरीत आला पाहिजे. पंचवीसनंतर फोन करून स्वल्पविराम बदलता येणार नाही, कारण आपला छपाईवाला ऐकून घेणारा नाही.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारा. त्यानंतर पेन्शनचा वर्ग आहे.